विश्लेषण : लॅपटॉपचा पंखा नेमके कोणाचे ऐकतो? मालवण किनाऱ्यावरच्या जुन्या संगणकांसाठी हा प्रश्न का महत्त्वाचा?

लॅपटॉपच्या पंख्याकडे लक्ष जाते ते दोनच वेळा. काही काम नसताना तो घरघरू लागतो तेव्हा, किंवा तो फिरायचा थांबतो आणि मशीन तव्यासारखे तापते तेव्हा. दोन्ही वेळी दोष पंख्याच्या माथी मारला जातो. दुकानात नेऊन पंखा बदलला जातो. नवा पंखाही तसाच वागू लागला की 'मशीन जुने झाले' असा निकाल लागतो आणि लॅपटॉप भंगारात जातो.

प्रत्यक्षात अनेकदा पंखा ठणठणीत असतो. त्याला मिळणारी आज्ञा चुकीची असते. ही आज्ञा ज्या मार्गाने पंख्यापर्यंत पोहोचते, त्यातला एक छोटा पण कळीचा दुवा म्हणजे ऑपरेटिंग सिस्टीममधला ड्रायव्हर. त्यात दोन-चार ओळींची दुरुस्ती झाली, तर हजारो मशीन पुन्हा नीट चालू लागतात. मात्र ती दुरुस्ती करण्यासाठी बिघाड आधी कोणाच्या तरी लक्षात यावा लागतो, आणि त्याने तो योग्य ठिकाणी कळवावा लागतो. कोकणासारख्या दमट, खाऱ्या हवेच्या पट्ट्यातून हे जवळजवळ होतच नाही. खरी अडचण तिथे आहे.

हा विषय आत्ताच का?

मायक्रोसॉफ्टने विंडोज १० चा नियमित सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबवला. विंडोज ११ साठी टीपीएम २.० ही सुरक्षा व्यवस्था लागते आणि इंटेलच्या बाबतीत साधारण आठव्या पिढीपासून पुढचा प्रोसेसर लागतो. म्हणजे २०१७ च्या आधीचे बहुतेक लॅपटॉप अधिकृतपणे बाद झाले. ते चालत नाहीत असे नाही. त्यांना नवी प्रणाली मिळत नाही, इतकेच.

अशी मशीन सिंधुदुर्गात कमी नाहीत. तारकर्ली-देवबागच्या होमस्टेचे बुकिंग, बाजारपेठेतल्या दुकानाचे बिल, सेवा केंद्रातले दाखले, शाळेतली संगणक खोली, संगणकाचे क्लास अशी रोजची कामे जुन्या मशीनवरच चालतात. नवा लॅपटॉप घेणे प्रत्येकाला परवडत नाही. मग उरतो लिनक्सचा मार्ग. लिनक्स फुकट आहे, हलके आहे आणि जुन्या मशीनवर चांगले चालते. दुसऱ्या एका किनारी राज्याचे, केरळचे उदाहरण समोर आहे. तिथल्या सरकारी शाळांमध्ये 'काइट' या सरकारी संस्थेची लिनक्स आधारित प्रणाली वर्षानुवर्षे वापरात आहे.

लिनक्स टाकल्यावर स्क्रीन लागते, की-बोर्ड चालतो, बहुतेक वेळा वायफायही जोडले जाते. पंख्याचे काय झाले हे मात्र लगेच कळत नाही. ते कळते एप्रिल-मे महिन्यात.

पंखा फिरवतो कोण?

घरातल्या छताच्या पंख्याला एकच मालक असतो, रेग्युलेटर. लॅपटॉपच्या पंख्याला किमान तीन असतात.

पहिला मालक म्हणजे एम्बेडेड कंट्रोलर. मदरबोर्डवरची ही छोटी चिप मुख्य प्रोसेसरपासून वेगळी असते. बॅटरी चार्ज करणे, की-बोर्ड वाचणे आणि तापमानानुसार पंखा फिरवणे ही तिची कामे. दुसरा मालक म्हणजे बायोस किंवा फर्मवेअर. कंपनीने कारखान्यात भरलेला हा प्रोग्रॅम कोणत्या तापमानाला पंख्याचा वेग किती, याचे कोष्टक बाळगून असतो. तिसरी मालक ऑपरेटिंग सिस्टीम. तिला पंख्याशी बोलायचे असेल तर मध्ये दुभाषा लागतो. तो दुभाषा म्हणजे ड्रायव्हर.

लिनक्समध्ये हे काम 'एचडब्ल्यूमॉन' नावाच्या विभागाकडे असते. हार्डवेअर मॉनिटरिंग या शब्दांचे ते लघुरूप. या विभागाची पद्धत साधी आहे. तापमान, पंख्याचा वेग आणि पंख्याला दिलेला जोर या प्रत्येकासाठी एक छोटी फाइल दिसते. तापमान अंशाच्या हजाराव्या भागात लिहिलेले असते, म्हणजे ४५००० याचा अर्थ ४५ अंश सेल्सिअस. वेग मिनिटाला किती फेरे या हिशेबात असतो. जोर ० ते २५५ या आकड्यांत असतो. ० म्हणजे बंद आणि २५५ म्हणजे पूर्ण.

आणखी एक फाइल असते 'एनेबल' नावाची. नियमानुसार तिच्यात ० लिहिले तर नियंत्रण सुटते आणि पंखा पूर्ण वेगाने फिरतो. १ लिहिले तर सूत्रे वापरकर्त्याच्या हाती येतात. २ किंवा त्यापुढचा आकडा लिहिला तर स्वयंचलित नियंत्रण सुरू होते. नियम इतका सरळ आहे. गडबड होते ती हा नियम प्रत्येक कंपनीच्या वेगवेगळ्या हार्डवेअरवर बसवताना.

नुसते विचारले आणि पंखा बिथरला

डेल कंपनीच्या लॅपटॉपसाठी लिनक्समध्ये जो ड्रायव्हर आहे, त्याचा इतिहास या संदर्भात वाचण्यासारखा आहे. मासिमो दाल झोत्तो या प्रोग्रॅमरने २००१ च्या सुमारास तो लिहिला. तेव्हा त्याचे नाव 'आय८के' होते. २०१५ मध्ये तो एचडब्ल्यूमॉन विभागात आला आणि 'डेल-एसएमएम' या नावाने ओळखला जाऊ लागला.

डेलच्या मशीनमध्ये पंख्याची माहिती थेट मिळत नाही. ड्रायव्हरला बायोसकडे विशेष विनंती करावी लागते. ही विनंती गेली की प्रोसेसर आपले सगळे काम जागच्या जागी थांबवून 'सिस्टीम मॅनेजमेंट मोड' या वेगळ्या अवस्थेत जातो, बायोसचे काम उरकतो आणि परत येतो. त्या वेळेत ऑपरेटिंग सिस्टीमला काहीच करता येत नाही. घड्याळ थांबल्यासारखी तिची अवस्था होते. हे काम क्षणार्धात होणे अपेक्षित असते.

काही मॉडेलांत ते तसे होत नाही. इन्स्पिरॉन ७७२०, व्होस्ट्रो ३३६०, एक्सपीएस १३ ९३३३ या मशीनवर पंख्याबद्दलच्या एका विनंतीला सुमारे ५०० मिलिसेकंद, म्हणजे अर्धा सेकंद लागतो. गाणे चालू असेल तर ते अडखळते, माउस गोठतो. वापरणाऱ्याला वाटते, रॅम कमी पडते आहे. तो रॅम वाढवतो. फरक पडत नाही.

त्याहून मजेशीर प्रकार स्टुडिओ एक्सपीएस ८०००, स्टुडिओ एक्सपीएस ८१०० आणि इन्स्पिरॉन ५८० या मशीनचा. तिथे 'हा पंखा कोणत्या प्रकारचा आहे?' एवढे ड्रायव्हरने बायोसला विचारले, तरी पंखा वेडावाकडा वागू लागतो. आज्ञा कोणतीच दिलेली नसते. फक्त प्रश्न विचारलेला असतो.

यावर दुरुस्ती काय झाली? बायोस बदलणे लिनक्सवाल्यांच्या हातात नव्हते. म्हणून ड्रायव्हरमध्ये अशा मॉडेलांची यादी घातली गेली. मशीन सुरू होताना ड्रायव्हर आधी त्याचे नाव वाचतो. नाव यादीत असेल तर तो त्रासदायक प्रश्न विचारतच नाही. ज्या माणसाला एखादा विषय काढला की राग येतो, त्याच्यासमोर तो विषय टाळावा, तशी ही युक्ती. ती सुंदर नाही, पण काम होते.

इथे एक गोष्ट नोंदवायला हवी. ही यादी जगाला माहीत आहे, कारण हा कोड उघडा आहे. इतर कंपन्यांच्या मशीनमध्ये किंवा इतर प्रणालींमध्ये असे दोष नाहीत, असा याचा अर्थ नाही. तिथे ते दिसत नाहीत, एवढेच.

दोन घरचा पाहुणा उपाशी

दुसरा नेहमीचा बिघाड म्हणजे हुकमांची ओढाताण. समजा, ड्रायव्हरने पंख्याला पूर्ण वेगाने फिरायला सांगितले. काही क्षणांनी बायोसचे कोष्टक जागे होते, त्याला तापमान कमी वाटते आणि ते पंखा पुन्हा मंद करते. ड्रायव्हर परत वेग वाढवतो, बायोस परत कमी करतो. एका होडीवर दोन तांडेल असले की होडी जिथल्या तिथे गोल फिरते, तसे हे.

डेलच्या ड्रायव्हरमध्ये यावर तोडगा निघाला तो असा : बायोसचे स्वयंचलित नियंत्रण बंद करण्याची विनंती काही मॉडेलांवर चालते, तर तेवढ्यांचीच यादी करून तिथेच ती सोय खुली करायची. मग वापरकर्ता 'एनेबल' फाइलमध्ये १ लिहून सूत्रे हातात घेऊ शकतो आणि २ लिहून बायोसला परत देऊ शकतो. ज्या मॉडेलवर खात्री नाही, तिथे ही सोय मिळत नाही.

असाच आणखी एक प्रश्न दोन पंखे असलेल्या थिंकपॅडचा होता. पी५०, पी७० यांसारख्या मोठ्या मशीनमध्ये पंखे दोन असतात. पण लिनक्सच्या ड्रायव्हरला नियंत्रण एकाचेच करता येत होते. २०२० मध्ये झालेल्या दुरुस्तीनंतर निवडक मॉडेलांवर दोन्ही पंखे एकत्र, जणू एकच पंखा आहे असे समजून चालवण्याची सोय आली. मशीन बाजारात येऊन तोवर काही वर्षे उलटली होती. 'आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी' म्हणतात तो हा प्रकार. तापतो एक भाग, वारा मिळतो दुसऱ्याला.

थिंकपॅडचा धडा : आधी सुरक्षितता

मग पंख्याची सगळी सूत्रे सरसकट वापरकर्त्याच्या हाती का देऊ नयेत? कारण त्यात धोका आहे. शांतता हवी म्हणून एखाद्याने पंखा बंद केला आणि विसरला, किंवा पंखा सांभाळणारा प्रोग्रॅमच मध्ये बंद पडला, तर मशीन तापत राहणार.

आधुनिक प्रोसेसर जळत नाही. साधारण १०० अंशांच्या आसपास पोहोचला की तो स्वतःचा वेग उतरवतो आणि तरीही भागले नाही तर मशीन बंद होते. पण लॅपटॉपमध्ये प्रोसेसर एकटा नसतो. शेजारी बॅटरी असते, कपॅसिटर असतात, प्लास्टिकचे जोड असतात. सतत उष्णता सोसणारी बॅटरी लवकर म्हातारी होते आणि काही वेळा फुगते.

थिंकपॅडच्या लिनक्स ड्रायव्हरने या प्रश्नाला दिलेले उत्तर आदर्श म्हणावे असे आहे. पहिली गोष्ट, पंखा हाताने चालवण्याची सोय मुळात बंद ठेवलेली असते. ती हवी असेल तर ड्रायव्हर सुरू होताना तसे स्पष्ट सांगावे लागते. दुसरी गोष्ट, त्यात 'वॉचडॉग' म्हणजे राखणदार घड्याळ आहे. ते १ ते १२० सेकंदांपर्यंत लावता येते. ठरलेल्या वेळेत पंख्यासाठी नवी आज्ञा आली नाही, तर सूत्रे हातात असलेला प्रोग्रॅम मेला असे समजून ड्रायव्हर पंखा स्वतःहून पुन्हा सुरू करतो.

यामागचे तत्त्व सोपे आहे. चूक झालीच तर ती आवाजाच्या बाजूने व्हावी, उष्णतेच्या बाजूने नको. घरघर करणारा पंखा त्रास देतो, थांबलेला पंखा मशीन खातो. पंख्याच्या ड्रायव्हरमधली कोणतीही दुरुस्ती या कसोटीवर घासून पाहिली पाहिजे.

मालवणात गणित बदलते

आता या सगळ्याचा किनाऱ्याशी संबंध. पंखा हवा गार करत नाही. तो फक्त प्रोसेसरची उष्णता बाहेरच्या हवेत फेकतो. किती उष्णता फेकली जाईल हे दोन गोष्टींवर ठरते. एक, किती हवा वाहते. दोन, प्रोसेसर आणि खोलीतली हवा यांच्या तापमानात फरक किती.

समजा, प्रोसेसर ९५ अंशांपर्यंत जाऊ शकतो. खोलीत २० अंश असतील तर फरक ७५ अंशांचा. मे महिन्यात मालवणच्या पत्र्याच्या किंवा स्लॅबच्या खोलीत ३४ अंश असतील तर फरक ६१ अंशांचा. म्हणजे त्याच वेगाने फिरणारा तोच पंखा जवळजवळ १९ टक्के कमी उष्णता बाहेर काढणार. बहुतेक लॅपटॉपच्या माहितीपत्रकात वापराची कमाल मर्यादा ३५ अंश दिलेली असते. किनाऱ्यावरची दुपार त्या मर्यादेला टेकलेलीच असते.

वेग वाढवून ही तूट भरता येते, पण त्याची किंमत मोजावी लागते. पंख्याचा वेग दुप्पट केला तर हवा साधारण दुप्पट वाहते. त्याला लागणारी वीज मात्र आठपट होते. आवाजही खूप वाढतो. म्हणून कंपनीचे कोष्टक शक्यतो पंखा मंद ठेवण्याकडे झुकलेले असते. वातानुकूलित कार्यालयात बसणाऱ्याला ते बरे वाटते. कट्ट्यावर लॅपटॉप ठेवून बुकिंग घेणाऱ्या होमस्टेवाल्याच्या दृष्टीने तेच कोष्टक उशिरा जागे होते.

त्यात भर खाऱ्या वाऱ्याची. समुद्राच्या तुषारांतून आलेले मिठाचे सूक्ष्म कण हवेत असतात. आर्द्रता साधारण ७५ टक्क्यांच्या वर गेली की हे कण हवेतले पाणी ओढून ओलसर होतात. पावसाळ्यात आर्द्रता त्या पातळीच्या वरच असते. मग हा खारट ओलावा धुळीला धरतो. हीटसिंकच्या बारीक पट्ट्यांत त्याचा थर बसतो, जोडांवर गंज चढतो, पंख्याच्या बेअरिंगला घर्षण वाढते. पुण्यात तीन वर्षे सुखाने चालणारा पंखा चिवल्याच्या किनाऱ्याजवळच्या घरात त्याआधीच कुरकुरू लागला, तर नवल नाही.

याचा ड्रायव्हरशी थेट संबंध आहे. घर्षण वाढलेल्या पंख्याला जागेवरून हलायला जास्त जोर लागतो. ड्रायव्हरने कमी जोराची आज्ञा दिली, तर नवा पंखा फिरतो आणि जुना जागीच थरथरतो. आज्ञा गेली, पंखा फिरला नाही. चांगला ड्रायव्हर किंवा प्रोग्रॅम अशा वेळी फेऱ्यांचा आकडा परत वाचतो आणि तो शून्य दिसला तर जोर वाढवतो. वाईट ड्रायव्हर आज्ञा देऊन मोकळा होतो.

चालू-बंदचा खेळ

एक तक्रार सगळीकडे ऐकू येते. पंखा दर काही सेकंदांनी सुरू होतो आणि बंद होतो. याचे कारण बहुतेक वेळा कोष्टकातला एकच आकडा असतो. समजा, ५० अंशांना पंखा सुरू करायचा आणि ५० च्या खाली आला की बंद करायचा, असा नियम आहे. पंखा सुरू होतो, तापमान ४९ होते, पंखा बंद होतो, तापमान ५१ होते, पंखा पुन्हा सुरू. हे अखंड चालते. पंख्याची मोटर सर्वाधिक झिजते ती सुरू होताना.

उपाय जुना आहे. सुरू करण्याचा आणि बंद करण्याचा आकडा वेगळा ठेवायचा. घरातल्या फ्रिजमध्येही हेच असते. रास्पबेरी पाय ५ या छोट्या संगणकाचे उदाहरण स्वच्छ आहे. त्यात पंखा ५० अंशांना मंद सुरू होतो. ६० ला वेग वाढतो, ६७.५ ला आणखी वाढतो आणि ७५ अंशांना तो पूर्ण वेग घेतो. उतरताना मात्र प्रत्येक टप्प्यावर तापमान ५ अंशांनी खाली येईपर्यंत तो वाट पाहतो. म्हणून त्याची सारखी चालू-बंद होत नाही. मुख्य म्हणजे हे सगळे आकडे कागदोपत्री जाहीर आहेत आणि वापरणाऱ्याला बदलता येतात. बाहेर ३४ अंश असतील तर ५० चा आकडा ४५ करता येतो.

लॅपटॉप कंपन्यांनीही एवढेच करायला हवे. त्यांची कोष्टके मात्र बायोसच्या पोटात बंद असतात.

कंपन्यांचे म्हणणे आणि त्यातले तथ्य

कंपन्यांचा युक्तिवाद असा, की पंखा हा सुरक्षिततेचा भाग आहे. वापरकर्त्याने चुकीचा आकडा टाकला आणि मशीन खराब झाले तर वॉरंटीचा भुर्दंड कंपनीवर. यात तथ्य आहे. म्हणूनच शेवटचा शब्द फर्मवेअरचाच असावा. तापमान धोक्याच्या रेषेपुढे गेले की वापरकर्त्याने काहीही सांगितलेले असो, पंखा पूर्ण वेगाने फिरलाच पाहिजे.

पण शेवटचा शब्द एकाचा असणे आणि बाकी कोणालाच बोलू न देणे, यात फरक आहे. धोक्याच्या रेषेखालच्या पट्ट्यात आपल्या हवेनुसार वेग ठरवण्याची मुभा वापरकर्त्याला का नसावी? आणि निदान पंखा किती वेगाने फिरतो आहे, हे वाचता तरी का येऊ नये? वॉरंटी संपून पाच वर्षे झालेल्या मशीनच्या बाबतीत तर हा युक्तिवाद उरतच नाही.

केंद्र सरकारच्या ग्राहक व्यवहार विभागाने डिसेंबर २०२२ मध्ये 'राइट टू रिपेअर' पोर्टल सुरू केले. त्यात मोबाइल व इलेक्ट्रॉनिक्स, टिकाऊ गृहोपयोगी वस्तू, वाहने आणि शेती अवजारे ही चार क्षेत्रे आहेत. हा उपक्रम स्वागतार्ह आहे. पण दुरुस्ती म्हटले की डोळ्यांसमोर येतो स्क्रू आणि सुटा भाग. पंखा ४०० रुपयांना मिळाला आणि त्याला आज्ञा देणारी माहिती कुलपात राहिली, तर ती दुरुस्ती अर्धीच. ई-कचऱ्याचे नवे नियम १ एप्रिल २०२३ पासून लागू आहेत. कचरा कसा उचलायचा हे त्यात आहेच. पण कचरा होऊ न देणे त्याहून स्वस्त पडते.

मग करायचे काय?

पहिली गोष्ट खरेदीची. शाळा, ग्रामपंचायती आणि सरकारी कार्यालयांसाठी संगणक सरकारी पैशातून घेतले जातात. निविदेत प्रोसेसर, रॅम, स्क्रीनचा आकार हे सगळे असते. त्यात आणखी तीन ओळी घालायला हव्यात. पंख्याचा वेग आणि तापमान ऑपरेटिंग सिस्टीमला वाचता यावे. पंख्याचे कोष्टक बदलण्याची अधिकृत पद्धत कागदोपत्री द्यावी. आणि हे लिनक्सवर चालते, हे विक्रेत्याने दाखवून द्यावे. किनारी जिल्ह्यांसाठी तर ही अट आग्रहाने असावी. मोठा खरेदीदार मागतो तेव्हाच कंपन्या देतात.

दुसरी गोष्ट अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांची. मालवणात शासकीय तंत्रनिकेतन आहे, कणकवलीजवळ हरकुळला अभियांत्रिकी महाविद्यालय आहे. शेवटच्या वर्षाच्या प्रकल्पात दरवर्षी त्याच त्या हजेरीच्या आणि ग्रंथालयाच्या प्रणाली बनतात. त्याऐवजी एका गटाने तालुक्यातल्या दहा जुन्या लॅपटॉपांवर लिनक्स टाकावे, प्रत्येकाच्या पंख्याचे वागणे तासातासाला नोंदवावे आणि जिथे चूक दिसेल ती लिनक्सच्या संबंधित विभागाला कळवावी. डेलच्या यादीत वर आलेली प्रत्येक ओळ अशाच कोणाच्या तरी नोंदीतून आलेली असते. अशी एक ओळ स्वीकारली गेली, तर तिचा उपयोग जगभरच्या त्या मॉडेलला होतो आणि मुलाच्या नावावर कायमची जमा होते. नोकरीच्या मुलाखतीत ती कोणत्याही प्रमाणपत्रापेक्षा जास्त बोलते.

तिसरी गोष्ट दुरुस्ती करणाऱ्या दुकानदारांची. पंखा बदलण्याआधी दहा मिनिटे सॉफ्टवेअर तपासण्याची सवय लागली, तर ग्राहकाचे पैसे वाचतील आणि दुकानावरचा विश्वास वाढेल.

तुमच्या हातात काय आहे?

जुन्या लॅपटॉपवर लिनक्स असेल तर 'एलएम-सेन्सर्स' हे पॅकेज टाका आणि टर्मिनलमध्ये 'सेन्सर्स' ही आज्ञा द्या. तापमान दिसते का? पंख्याचे फेरे दिसतात का? तापमान ८५ च्या पुढे आणि फेरे शून्य, असे दिसले तर आधी मशीन बंद करा.

पंखा मुळात फिरू शकतो का, हे त्यानंतर पाहा. मशीन चालू करताना बहुतेक लॅपटॉपचा पंखा क्षणभर फिरतो. तो तेव्हा फिरत असेल आणि नंतर फिरत नसेल, तर दोष आज्ञेत असण्याची शक्यता जास्त. तेव्हाही फिरत नसेल, तर दोष पंख्यात किंवा त्याच्या जोडणीत.

बायोसचे अपडेट कंपनीच्या संकेतस्थळावर आहे का ते पाहा. पंख्याच्या अनेक तक्रारी तिथेच सुटतात. अपडेट करताना मात्र चार्जर लावलेला आणि बॅटरी भरलेली हवी. पावसाळ्यात वीज केव्हा जाईल याचा भरवसा नसतो, आणि अर्धवट राहिलेले बायोस अपडेट मशीन कायमचे बंद पाडू शकते.

पंख्याचे आकडे हाताने बदलण्याचा मोह मात्र आवरा. कोठून तरी उचललेली आज्ञा दुसऱ्या मॉडेलसाठी लिहिलेली असू शकते. शिवाय एचडब्ल्यूमॉनमध्ये उपकरणांना मिळणारे क्रमांक मशीन पुन्हा सुरू केल्यावर बदलू शकतात. काल जो क्रमांक पंख्याचा होता, तो आज दुसऱ्या उपकरणाचा असू शकतो. बदल करायचाच असेल तर 'स्वयंचलित'वर परत कसे यायचे ते आधी शिकून घ्या.

वर्षातून दोनदा, पावसाळ्याआधी आणि दिवाळीच्या सुमारास, पंखा आणि हीटसिंक साफ करून घ्या. ब्लोअर मारताना पंख्याची पाती हाताने धरून ठेवा, नाहीतर ती जोरात फिरून बेअरिंग जाते. लॅपटॉप गादीवर किंवा चटईवर ठेवू नका. खालून हवा आत जायला जागा हवी. खिडकी समुद्राच्या दिशेला असेल तर टेबल तिच्यापासून दूर सरकवा.

आणि एवढे करूनही पंखा चुकीचाच वागत असेल, तर मशीनचे पूर्ण मॉडेल नाव, बायोसची आवृत्ती, लिनक्स कर्नलची आवृत्ती आणि तापमान-फेऱ्यांच्या नोंदी एकत्र करून आपल्या लिनक्स वितरणाकडे तक्रार नोंदवा. इंग्रजी मोडके-तोडके असले तरी चालते. आकडे नेमके हवेत. मे महिन्यातल्या दुपारी ३४ अंशांच्या खोलीत घेतलेली नोंद गार हवेच्या देशात बसलेल्या प्रोग्रॅमरकडे नसते. ती इथूनच जावी लागेल.